अर्ध्या तासानंतर डावीकडून करपल्याचा वास – क्लचच आहे का?

गेवराई_रोड

गाडी 2015 ची डिझेल हॅचबॅक, 1.3 लिटर, एबीएस असलेली, 1,18,000 किमी. आठवड्यातून दोनदा बीड–संभाजीनगर.

सुरुवातीचे 25–30 किमी काही नाही. मग करपल्यासारखा वास यायला लागतो. काच खाली केली की जास्त, आणि डावीकडूनच. धूर नाही, डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नाही, इंजिनच्या तापमानाचा काटा रोजच्या जागी. ॲव्हरेज 21 चं 17 वर आलंय. न्यूट्रलला टाकली की पहिल्यासारखी लांब जात नाही, लवकर थांबते. चहाला वीस मिनिटं थांबून निघालं की पुढचे 15–20 किमी पुन्हा ठीक.

गॅरेजवाल्यांनी एक चक्कर मारून क्लच सेट बदला म्हणून सांगितलं. खर्च मोठा आहे, म्हणून आधी इथं विचारतोय. घरी काय तपासता येईल?

पाना_नंबर_दहा

भाऊ, क्लच सेटचे पैसे अजून देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी क्लचशी जुळत नाहीत.

क्लच प्लेट जळाल्याचा वास जळका कागद किंवा सुतळी असते तसा येतो, आणि क्लच घासला की लगेच येतो. मांजरसुंब्याच्या घाटात उसाच्या ट्रॉलीमागे हाफ क्लचवर रखडलात तर तिथंच येईल. सपाट हायवेला पाचव्या गिअरमध्ये क्लचला कोणी हात लावत नाही, तिथं वास यायचा तर प्लेट स्लिप होत असली पाहिजे. ती स्लिप होत असेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतं आणि स्पीड मागं राहतो. न्यूट्रलमध्ये गाडी लवकर थांबणं हे तर क्लचचं काम नाहीच. न्यूट्रलला इंजिन चाकांपासून सुटलेलं असतं, म्हणजे अडवणूक चाकाकडेच आहे.

तरी मनातली शंका काढून टाका. मोकळ्या सपाट रस्त्यावर 40 च्या स्पीडला चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएमचा काटा आणि स्पीड बरोबरीनं हळूहळू चढले तर क्लच धरतोय. दुसरी चाचणी उभ्या गाडीची: समोर मोकळी जागा, हँडब्रेक घट्ट, पाय ब्रेकवर, तिसरा गिअर, 1500 आरपीएमला क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. एकदाच करा, चारदा केलीत तर चांगला क्लचही करपेल.

आता वासाबद्दल. नाकाचा उपयोग आहे, पण वास कधी येतो ते त्याहून जास्त सांगतं. तापलेल्या सायलेन्सरवर इंजिन ऑइल ठिबकलं तर तेलकट, घशाला लागणारा वास येतो, आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की वाढतो, कारण चालताना वारा तो मागं नेतो. अशा वेळी टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगखाली टॉर्च मारून बघायचं. गोड वास आला तर कूलंट गळतंय. बोअरचं क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या रेडिएटरमध्ये गळती नेहमीची. रबर करपल्यासारखा वास आणि सोबत चिर्र आवाज असेल तर पट्टा, किंवा जाम झालेली पुली. सडक्या अंड्यासारखा असेल तर आधी बॅटरीचं चार्जिंग मोजा, इंजिन चालू असताना 15 व्होल्टच्या वर दिसलं तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय. प्लास्टिकचा वास मात्र सगळ्यात घाईचा, तिथं गाडी थांबवून बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि मग विचार करायचा.

तुमचं वर्णन ब्रेक धरून राहिल्याचं आहे. पुढचं डावं किंवा मागचं डावं, एवढंच ठरवायचंय.

काळी_माती

सगळ्यात आधी गाडीखाली वाकून बघा. सध्या रस्त्यावर काड टाकून मळणी चालू आहे. तुरीचं, सोयाबीनचं काड ॲक्सलला गुंडाळतं आणि सायलेन्सरच्या वरच्या बाजूला पत्र्याच्या फटीत जाऊन बसतं, खालून नुसतं बघून दिसत नाही. सुक्या काडाला पेटायला अडीच-तीनशे अंश पुरतात आणि सायलेन्सरचा पुढचा भाग त्याहून जास्त तापतो. बीएस 6 डिझेलवाल्यांनी तर फारच जपावं. डीपीएफ (सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला साफ करत असतो तेव्हा आत सहाशेच्या आसपास तापमान जातं, अशी गाडी कडब्याच्या गंजीजवळ उभी करू नका.

काड काढायचं ते गाडी पूर्ण थंड झाल्यावर, जॅकवर नाही तर रॅम्पवर किंवा पिटवर. कॅरीबॅग चिकटली असेल तर लाकडाच्या फळीनं खरवडा.

शिल्प_निदेशक

पाना यांच्याशी सहमत. फक्त मोजमाप नीट करा, अंदाजानं सुटे भाग बदलू नका.

इन्फ्रारेड थर्मामीटर लागेल, 350–400 अंशांपर्यंत दाखवणारं. कोरोनात घेतलेलं कपाळाचं चालणार नाही, ते बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं जात नाही. वास यायला लागला की पुढचा मोकळा पट्टा बघून, शेवटचा एक-दीड किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक लावत गाडी थांबवा. दोन मिनिटांच्या आत चारही चाकं मोजा. डिस्कच्या चकचकीत भागावर आकडा खरा येत नाही, चमकणारा धातू थर्मामीटरला थंड वाटतो. म्हणून कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) काळपट अंगावर किंवा डिस्कच्या मधल्या गंजलेल्या भागावर मोजा आणि दोन्ही बाजूंना जागा एकच ठेवा. नुसत्या आकड्याला अर्थ नाही. उन्हाळ्यात 43 अंशांच्या दुपारी सगळंच तापलेलं असतं. डावं-उजवं यांच्यात 50 अंशांहून जास्त फरक पडला तर तिथं दोष आहे. थर्मामीटर नसेल तर रिमवर पाण्याचे दोन थेंब टाका, एका चाकावर चर्र करून उडतील आणि दुसऱ्यावर तसेच राहतील. हात लावून बघू नका.

चाक सापडलं की तिथंच, ते गरम असतानाच, पुढची चाचणी करायची. दगड मागच्या चाकांना लावा, जॅक लावा, खाली घोडी (जॅक स्टँड) ठेवा. गिअर न्यूट्रल. चाक हातानं फिरवा, जड असेल. आता 8 किंवा 10 चा पाना घेऊन कॅलिपरचा ब्लीडिंग निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) पाव आटा सोडा. तोंड निपलसमोर आणू नका, ब्रेकचं तेल दाबानं आणि गरम बाहेर येतं. पुढं दोनच शक्यता आहेत. तेल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब अडकून राहिलाय, दोष कॅलिपरच्या मागं, म्हणजे होस (ब्रेकची रबरी नळी) किंवा मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलनं तेलाला दाब देणारा पंप). चाक तसंच जड राहिलं तर दोष कॅलिपरमध्येच, तो ज्यावर सरकतो ती पिन किंवा पिस्टन जाम. निपल लगेच बंद करा, नाही तर हवा शिरेल.

ही चाचणी चाक थंड झाल्यावर केली तर काही कळणार नाही, कारण तुमचा दोष वीस मिनिटांत निवळतो. त्या एका वाक्यावरून मला पिनपेक्षा होसचा संशय जास्त येतोय, पण मोजून सांगा.

पाना_नंबर_दहा

निदेशक सर, दहापैकी आठ वेळा पिनच निघतात. आपल्याकडची धूळ रबरी टोपीतून आत गेली की ग्रीसचा चिखल होतो आणि पिन बसते. मी पैज पिनवर लावतो.

शिल्प_निदेशक

बसलेली पिन चहा पिऊन सुटत नाही. पॅड आतून-बाहेरून सारखे झिजलेत का तेही बघायला सांगूया. एक पॅड पातळ आणि दुसरा जाड असेल तर तुमची पैज.

सिल्लोड_साइड

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या पेट्रोल गाडीत रात्री हेडलाइट लावून अर्धा तास झाला की प्लास्टिक जळाल्याचा वास येतो. दिवसा काही नाही. बल्ब 100/90 चे टाकलेत, फ्यूज उडत नाही.

टेस्ट_लॅम्प

दादा, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. कंपनीचा बल्ब 60/55 वॅटचा. दोन बल्ब मिळून 120 वॅट, 12 व्होल्टवर 10 अँपिअर. तुमचे दोन 100 चे म्हणजे 200 वॅट, जवळजवळ 17 अँपिअर. वायर, स्विच आणि होल्डर पहिल्या हिशोबानं बसवलेत. आणि उष्णता करंटच्या वर्गानं वाढते: करंट 1.67 पट झाला की त्याच वायरमध्ये, त्याच सांध्यावर उष्णता 2.8 पट होते. फ्यूज उडत नाही याचा आनंद मानू नका. आधी कोणी 15 च्या जागी 30 चा टाकला असेल तर तो उडणारच नाही, वायर आधी वितळेल.

आजच 60/55 चे बल्ब परत टाका. बल्बमागचा होल्डर काढून बघा, तीनपैकी एका पिनाभोवती प्लास्टिक तपकिरी किंवा फुगलेलं सापडेल. ते पुन्हा वापरायचं नाही, कारण आतली पितळी पट्टी तापून ढिली झालेली असते. ढिला सांधा म्हणजे अडथळा, अडथळा म्हणजे आणखी उष्णता, कमी वॅटच्या बल्बवरही ते जळत राहील. सिरॅमिक होल्डर बसवा.

जास्त उजेड हवाच असेल तर रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच) लावा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून 15–20 सेंटिमीटरच्या आत फ्यूज, तिथून 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 30 किंवा 40 अँपिअरचा रिले, लो आणि हायला वेगळा. जुनी वायर फक्त रिले चालू करायला वापरायची. अर्थ थेट बॉडीला, रंग खरवडून. जोड पिळून टेप मारू नका, इंजिनजवळ टेपचा गोंद वितळून सुटतो. क्रिम्प करून वर हीट श्रिंक स्लीव्ह.

झाल्यावर मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, इंजिन आणि हेडलाइट चालू. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं होल्डरच्या पॉझिटिव्ह पिनेला. अर्धा व्होल्टच्या आत आलं पाहिजे. अर्थच्या बाजूला 0.2 च्या आत. जास्त दिसलं तर टोक एकेक सांधा पुढं सरकवत जा, आकडा जिथं उडी मारतो तिथं आग लागायची जागा.

आणि हो, उंदरांचंही बघा. कापसाच्या, धान्याच्या घराशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत वायरचं कवच कुरतडलेलं असतं आणि घरट्याचा कापूस मॅनिफोल्डवर पडलेला असतो. फक्त ब्लोअर लावल्यावर वास येत असेल तर ब्लोअरमध्ये पाला किंवा मेलेला उंदीर. ब्लोअर फक्त शेवटच्याच स्पीडला चालत असेल तर रेझिस्टर गेला. पण नुसता नवा रेझिस्टर टाकू नका. मोटर जड फिरते म्हणून तो जळालेला असतो, मोटर हातानं फिरवून बघा.

गेवराई_रोड

मोजलं. क्लचच्या दोन्ही चाचण्या ठीक: तिसऱ्या गिअरला इंजिन झटक्यात बंद, चौथ्याला काटा आणि स्पीड बरोबर. खाली काड नव्हतं.

32 किमीनंतर कॅलिपरवर: पुढचं डावं 226, पुढचं उजवं 83. मागचे ड्रम 61 आणि 58. पुढचं डावं चाक हातानं जेमतेम फिरत होतं. निपल पाव आटा सोडला, तेल चुळकन उडालं आणि चाक लगेच मोकळं. तेल चहासारखं तपकिरी. पॅड दोन्ही सारखेच, साधारण 4 मिमी, पण पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत. डिस्कवर निळसर छटा.

पाना_नंबर_दहा

पैज हरलो.

शिल्प_निदेशक

तुमचा डावीकडचा होस आतून बंद पडलाय. मास्टर सिलिंडर असता तर एकच चाक धरलं नसतं. अशा गाड्यांमध्ये ब्रेकच्या दोन लाइन तिरप्या असतात, पुढचं डावं मागच्या उजव्याबरोबर. मास्टरचं परतीचं भोक बुजलं असतं तर मागचा उजवा ड्रमही तापला असता. तो 58 ला आहे.

होसचं असं असतं: बाहेरून ठणठणीत दिसतो, आतलं रबर दहा वर्षांत फुगतं किंवा त्याचा पापुद्रा सुटतो. ब्रेक दाबताना पाय एवढा जोर देतो की तेल त्यातून पुढं जातं. परत यायला मात्र जोर नसतो. पिस्टन मागं घेणारी म्हणजे फक्त त्याच्या सीलची लवचीकता. पापुद्रा झडपेसारखा बसतो आणि तेल झिरपत झिरपत परत येतं. म्हणून वीस मिनिटांत गाडी बरी होते. दरम्यान पॅड घासतो, तेल तापून फुगतं, दाब आणखी वाढतो.

तुमच्या तेलाचा रंगही चांगला नाही. डॉट 3 प्रकारच्या ब्रेक तेलाचा उत्कलनबिंदू नव्याचा किमान 205 अंश, ओलावा धरलेल्याचा 140. डॉट 4 चा 230 आणि 155. जुनं तेल 226 च्या कॅलिपरमध्ये उकळून वाफ होऊ शकतं, आणि वाफ दाबली जाते, म्हणजे पेडल तळाला जातं. दुरुस्ती होईपर्यंत ही गाडी हायवेला काढू नका.

काम असं. दोन्ही पुढचे होस बदला, उजवाही तेवढ्याच वयाचा आहे. लोखंडी पाइपचा नट तारेच्या ब्रशनं साफ करून गंज सोडवणारं तेल मारा, अर्धा तास थांबा. तो नट फ्लेअर नटच्या पान्यानंच सोडा. साध्या फिक्स पान्यानं कोपरे गोल होतात आणि मग पाइपच बदलावा लागतो. कॅलिपरकडच्या बोल्टला दोन तांब्याचे वॉशर, दोन्ही नवे. होस बसवताना त्याला पीळ पडू देऊ नका, अंगावरची रेघ सरळ राहिली पाहिजे. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायरला घासत नाही ना ते बघा.

चाक उघडलंच आहे तर पिन काढा, पुसा, रबर फाटलं असेल तर बदला. ग्रीस ब्रेकचंच, सिलिकॉनवालं. चॅसिसचं पिवळं ग्रीस लावलं तर ब्रेकचं रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन खरंच जाम होते. 226 सोसल्यानंतर कॅलिपरचं पिस्टन सील आणि धुळीचं रबरही कडक झालेलं असणार, सील किट टाका, ते स्वस्त आहे. पिस्टन मागं दाबताना निपल उघडा ठेवा आणि नळी बाटलीत सोडा, म्हणजे घाण तेल उलटं एबीएसमध्ये जाणार नाही. निळी पडलेली डिस्क मायक्रोमीटरनं मोजा, किमान जाडीचा आकडा तिच्यावरच कोरलेला असतो. त्याच्या खाली असेल, वाकलेली असेल किंवा तिच्यावर बारीक भेगा असतील तर दोन्ही डिस्क बदला. चकचकीत पॅड झिरो पेपरनं घासून पुन्हा लावू नका. चार मिमीसाठी एवढी काटकसर नको, दोन्ही बाजूंचे नवे घ्या. चाकाचं बेअरिंगही फिरवून ऐका, एवढ्या उष्णतेत त्यातलं ग्रीस पातळ होऊन निघून जातं.

गेवराई_रोड

सर, हवा काढताना काय जपायचं? इथं एबीएससाठी स्कॅनर असलेलं गॅरेज जवळ नाही.

शिल्प_निदेशक

बॉनेटखालची ब्रेक तेलाची बाटली रिकामी होऊ दिली नाही तर स्कॅनरची गरज सहसा पडत नाही. हवा एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये गेली तरच पडते. म्हणून एकानं फक्त बाटलीकडे लक्ष ठेवायचं. बाटलीच्या झाकणावर लिहिलंय तेच तेल, सीलबंद नवं, एक लिटर आणा. उघडा पडलेला जुना डबा नको, तो हवेतला ओलावा ओढून घेतो.

निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक दुसऱ्या बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. मदतनीस पेडल दाबून धरेल, मग तुम्ही निपल उघडा, तेल येईल, बंद करा, आणि मगच त्यानं पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की हवा आत ओढली जाते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचं पिस्टन रोज अर्ध्यापर्यंतच जातं, पुढच्या भागात गंज असतो. पेडल एकदम तळापर्यंत गेलं की सील त्या गंजावरून घासून फाटतं. मग होस बदलायला गेलेला माणूस मास्टर घेऊन येतो. चारही चाकांचं तेल स्वच्छ येईपर्यंत काढा, चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाही तर रंग सुटतो. इंजिन चालू करण्याआधी पेडल कडक लागलं पाहिजे.

गेवराई_रोड

झालं सगळं. जुना डावा होस कापून बघितला, आत सुई जाईल एवढंच भोक शिल्लक होतं. दोन्ही होस, पॅड, सील किट, तेल नवं. डिस्क जाडीत बसली, भेगा नव्हत्या, तीच ठेवली. 40 किमीनंतर डावं 88, उजवं 85. पण वास अजून थोडा येतोय, आता दोन्ही बाजूंनी.

पाना_नंबर_दहा

दोन्ही बाजूंना सारखा आणि तापमान सारखं, म्हणजे नव्या पॅडमधला डिंक जळतोय. मोकळ्या रस्त्यावर, मागं कोणी नसताना, 60 वरून 10 पर्यंत मध्यम जोरानं दहा-बारा वेळा स्पीड कमी करा. पूर्ण थांबू नका, दोन वेळांच्या मध्ये अर्धा-एक किमी वाऱ्यावर थंड होऊ द्या. शेवटी पाच-सात किमी ब्रेक न लावता चालवा आणि गरम ब्रेकवर पेडल दाबून उभे राहू नका, डिस्कवर पॅडचा छाप बसतो आणि पुढं पेडल थरथरतं. सोबत कॅलिपरवर एखादा ग्रीसचा बोटाचा ठसा राहिला असेल तर तोही करपून जाईल. 200 किमीनंतर पुन्हा चारही चाकं मोजा, त्याच जागी, आणि तांब्याच्या वॉशरपाशी ओल दिसते का तेही बोट फिरवून बघा. गाडी थंड असताना.